एका ओघळाची गोष्ट

(सदर : हातचं काम)



आज गोष्टीआधी एक छोटंसं काम सांगतो. घरात विचारून चमचाभर काकवी घ्या. काकवी नसेल तर मध चालेल. एक पेन्सिल घ्या. पेन्सिलीच्या मध्यावर शिवणाचा दोरा शेजारी शेजारी, घट्ट, दोन बोटं रुंदीचा गुंडाळा. आता त्या दोऱ्यावर काकवीचा चांगला जाड लेप द्या, पेन्सिल आडवी धरा आणि नुसते उभे राहा. हलायचं नाही हं!

काय दिसतं? हळूहळू वरची बाजू उघडी पडते आणि दोऱ्याचे वेढे दिसू लागतात. खालच्या बाजूला लेपाला पोट सुटतं. मग त्या पोटाचा थेंब होतो, थेंब लोंबतो आणि टप्पकन फरशीवर! (खाली ताटली धरायची, हे सांगायचं राहिलंच. आता फरशी पुसून घ्या.)

हे पोट आणि हा थेंब लक्षात ठेवा. कारण आजची गोष्ट त्याचीच आहे. असल्याच एका थेंबापायी मी माझ्या मामाची सगळ्यात लाडकी वस्तू मोडली होती.

मामाची काठी

माझा मामा बोटीवर होता. आमच्या रत्नागिरीकडे एवढं म्हटलं की पुढचं सगळ्यांना कळतं. मालवाहू जहाजावर खलाशी, दहा-दहा महिने घराबाहेर, आणि आला की पेटीतून निघणाऱ्या देशोदेशीच्या गमती! १९७४ साली त्याची बोट जपानच्या कोबे बंदराला लागली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून त्यानं बांबूची एक काठी आणली. गरवायची काठी. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, गळ टाकून मासे धरण्याला आम्ही गरवणं म्हणतो, आणि गळाच्या आकड्याला गरी.

काठी तीन तुकड्यांची होती. एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या पोकळ तोंडात बसायचं. मासा ओढ देतो तेव्हा सगळा ताण या तोंडावर येतो आणि बांबू उभा चिरण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक तोंडावर रेशमी दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले होते आणि त्यावर तपकिरी-लाल, आरशासारखा लेप. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं, तर बांबू कुठं संपला आणि दोरा कुठं सुरू झाला हे जेमतेम कळायचं. रीळ नाही, कड्या नाहीत. शेंड्याला दोरी बांधायची, गरीला कोळंबी लावायची आणि खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसायचं.

१९७६च्या दिवाळीत मी मामाकडे होतो. मी नववीत. मामा बोटीवर. मामीनं बजावलं होतं, "काठीला हात लावायचा नाही." आता असं सांगितल्यावर हात लागल्याशिवाय राहतो का? मी हळूच काठी काढली, तर मधल्या सांध्यावरचा दोरा एका कडेनं सुटलेला! मला वाटलं, मामा यायच्या आत आपण गुपचूप दुरुस्त करून टाकू. मामा खूश होईल.

मामीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. सुटलेला भाग काढून नवे वेढे दिले. ते बरे जमले. मग माळ्यावर सुताराचं उरलेलं व्हार्निशचं डबडं सापडलं. ब्रश बुडवला आणि मारला एक जाडजूड हात! चमकलं पाहिजे ना! काठी उभी केली, भिंतीला टेकवून, कोपऱ्यात. आणि गेलो खेळायला.

सकाळी पाहतो तो काय! वेढ्यांच्या वरच्या कडेला व्हार्निश नावालासुद्धा नाही, दोरा कोरडा ठणठणीत. आणि खालच्या कडेला, एकाच बाजूला, शेंगदाण्याएवढा एक ओघळ थिजून बसलेला. मी तो नखानं दाबून पाहिला. वरून कडक, आतून मऊ. नखाचा ठसा उमटला. म्हटलं, जाऊ दे, वाळेल. लांबून तर छान दिसतंय!

मे महिन्यात मामा आला. त्यानं काठी उचलली, अंगठा सांध्यावरून फिरवला आणि ओघळावर थांबला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "घाई झाली वाटतं?" मी मान खाली घातली. तो रागावला नाही, पण काठीही बदलली नाही. त्याच काठीनं त्यानं सगळा पावसाळा गरवलं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी आम्ही दोघं धक्क्यावर बसलो होतो. चांगली मोठी तांबोशी लागली असावी. काठी कमानीसारखी वाकली. मामा उभा राहिला. आणि 'कट्' असा आवाज आला. मधल्या सांध्याचं तोंड चिरलं होतं. वरचे दोन तुकडे निसटले आणि दोरी, गरी, मासा सगळं ओहोटीबरोबर खाडीत गेलं. मामाच्या हातात राहिला फक्त बुडखा.

बांबू तरंगतो म्हणून बरं! दुसऱ्या दिवशी ते तुकडे कांदळवनात अडकलेले सापडले. मासा अर्थातच नव्हता. मामानं मला चिरलेलं तोंड दाखवलं. वरच्या उघड्या कडेतून चार महिने पाणी आत जात राहिलं होतं. आतला दोरा कुजून कापसासारखा झाला होता. आणि तो चमकदार ओघळ? त्याला मधोमध तडा गेला होता. मामा म्हणाला, "लेप चमकण्यासाठी नसतो रे. दोऱ्याला सांभाळण्यासाठी असतो. चमक आपोआप येते."

काठी एका जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेली.

लेप सारखाच का हवा?

आता जरा विचार करू. लेप कुठं पातळ, कुठं जाड झाला तर बिघडतं कुठं?

पहिली गोष्ट पाण्याची. लेपाचं काम म्हणजे दोऱ्याला रेनकोट घालणं. रेनकोटाला एकच भोक असलं तरी सदरा भिजतोच. तुमचा लेप नऊ ठिकाणी उत्तम असला आणि दहाव्या ठिकाणी दोरा उघडा असला, तर पाणी ते दहावं ठिकाण बरोबर शोधतं.

दुसरी गोष्ट वाकण्याची. गरवायची काठी वाकण्यासाठीच असते. पातळ लेप तिच्याबरोबर वाकतो. जाड गोळा वाकत नाही, ताठ राहतो. मग जिथं ताठ भाग संपतो आणि वाकणारा भाग सुरू होतो, तिथं सगळा ताण गोळा होतो. तडा जातो तो तिथंच.

तिसरी गोष्ट वाळण्याची. व्हार्निश बाहेरून आत वाळत जातं. थर जाड असला तर वर साय धरते आणि आतला ओलावा कोंडतो. माझ्या नखाचा ठसा आठवतोय ना? ती साय होती.

हे फक्त बांबूच्या काठीचं नाही बरं का! आजच्या काचतंतूच्या किंवा कार्बनच्या काठ्या पाहा. त्यांच्यावर दोरी ओवायच्या ज्या धातूच्या कड्या असतात, त्यांचे पाय दोऱ्यानंच बांधलेले असतात आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. काठी कितीही आधुनिक असो, दोरा आणि लेप काही सुटलेले नाहीत.

जपानी कारागीर काय करतात?

मामाच्या काठीवरचा मूळ लेप कसला होता, हे मला कितीतरी वर्षांनी वाचनात कळलं. जपानमध्ये बांबूच्या काठ्या हातानं बनवायची मोठी परंपरा आहे. ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा नावाचा प्रांत आहे. तिथल्या हाशिमोतो गावच्या काठ्या प्रसिद्ध आहेत. २०१३ साली जपान सरकारनं त्या कलेला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. या काठ्यांच्या सांध्यांवर रेशमी दोरा गुंडाळतात आणि त्यावर 'उरुशी' चढवतात.

उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. झाडाच्या सालीला चरे पाडून तो गोळा करतात. दहा-पंधरा वर्षं वाढवलेलं झाड सगळ्या हंगामात जेमतेम पेलाभर चीक देतं. हे झाड आपल्या आंब्याच्या, काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा अंगावर उततो, आंब्याचा चीक लागला की ओठ भाजतो, हे तुम्हाला माहीत आहे. कच्ची उरुशीही अंगावर तशीच उतते. भाऊबंदच ते, खोड कशी जाईल!

पण खरी गंमत पुढं आहे. आपले कपडे कोरड्या हवेत वाळतात. उरुशी दमट हवेत वाळते! म्हणजे ती खरं तर वाळत नाही, कडक होते. चिकात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते हवेतला प्राणवायू वापरून चिकाचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि त्याला काम करायला ओलावा लागतो. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं उरुशी कशी कडक होते याचा अभ्यास करून या विकराचा माग काढला. पुढं त्याला लॅकेस हे नाव मिळालं. कारागिरांना मात्र शेकडो वर्षांपासून अनुभवानं ठाऊक होतं, की वस्तू ओलसर, उबदार कपाटात ठेवायची. या कपाटाला ते 'फुरो' म्हणतात. जपानीत न्हाणीलाही हाच शब्द आहे!

या कपाटातही ओघळाची भीती असतेच. उरुशी जाड लागली तर वरचा पापुद्रा आधी आकसतो आणि सुरकुत्या पडतात. म्हणून थर अगदी पातळ देतात, एक कडक झाला की दुसरा, मग तिसरा. आणि भांड्यांवर जरा भरदार हात देणारे कारागीर काय करतात, माहीत आहे? त्यांचं कपाटच फिरतं! आतला सांगाडा थोड्या थोड्या वेळानं उलटासुलटा होत राहतो. पूर्वी हे काम हातानं चाले, आता मोटर असते.

हे वाचलं आणि मला कोपऱ्यात उभी केलेली माझी काठी आठवली. मी व्हार्निश कमी-जास्त लावलं हे खरंच, पण मोठी चूक वेगळीच होती. लेप दिल्यावर मी निघून गेलो होतो. काम तर तेव्हा कुठं सुरू झालं होतं!

आता पेन्सिल फिरवा

चला, पुन्हा काकवी घ्या. तसाच लेप द्या, पण या वेळी पेन्सिल दोन्ही हातांत आडवी धरून सावकाश गोल फिरवत राहा. भट्टीवर कणीस फिरवतात ना, तशी. पाच-सहा सेकंदांत एक फेरा.

बघा! पोट सुटत नाही. पृथ्वी काकवीला खाली ओढतेच आहे. पण खालची बाजू खालीच राहिली तर ना! काकवी ओघळायला निघते, तोवर तिची खालची बाजू वर गेलेली असते. ओढ सगळ्या बाजूंना सारखी वाटली जाते. वर पृष्ठताण मदतीला असतो. तो पातळ पदार्थाचा पृष्ठभाग ताणून गुळगुळीत करतो आणि ब्रशाच्या रेघा पुसून टाकतो. म्हणजे सपाट करायचं काम ब्रशानं फार करायचंच नसतं. ते लेप स्वतःच करतो, आपण फक्त त्याला फिरवत ठेवायचं.

आता हीच पेन्सिल गरकन फिरवू नका, नाहीतर भिंतींवरही काकवी! फार वेग दिला की लेप बाहेर फेकला जातो. सावकाश, पण न थांबता, हेच गणित.

काकवी वाळत नाही, म्हणून तुम्हाला ती जन्मभर फिरवत बसावं लागेल. काठीचा लेप मात्र काही तासांत घट्ट होतो. तो वाहायचा थांबला, की फिरवणं थांबवायचं.

आम्ही काठी दुरुस्त केली

आता या वर्षीच्या मे महिन्याची गोष्ट. मामा आता शहाऐंशी वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसतं. माझ्या मामेभावाची मुलगी आठवीत आहे. तिला माळा आवरताना ते धोतराचं गाठोडं सापडलं. ती म्हणाली, "काका, ही आजोबांची काठी आपण नीट करूया का?" मी मामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "करा. पण आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवा."

उरुशी कुठून आणणार? आम्ही इपॉक्सी वापरायचं ठरवलं. हल्ली जगभर हौसेनं काठ्या बनवणारे लोक बहुधा तेच वापरतात. १९३० आणि १९४०च्या दशकांत स्वित्झर्लंडमधल्या पिएर कास्तां यांनी आणि अमेरिकेतल्या सिल्व्हन ग्रीनली यांनी या पदार्थावर मूळ काम केलं. त्याचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. वेगवेगळे असताना दोघं शांत. एकत्र आले की घट्ट होऊ लागतात.

सरावासाठी बांबूची एक साधी काठी घेतली. पुतणीनं रेशमी दोरा सुंदर गुंडाळला. सुरुवातीचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबायचं. शेवटच्या आठ-दहा वेढ्यांखाली दोऱ्याचा एक वेगळा फास ठेवायचा. टोक त्या फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक आपोआप वेढ्यांखाली शिरतं. गाठ नाहीच! गाठ म्हणजे उंचवटा, आणि उंचवट्यावर लेप सारखा बसत नाही. मग चमच्याच्या पाठीनं दोरा घासून वेढ्यांमधल्या फटी मिटवल्या. दोऱ्याचे बारीक केस उभे राहिले होते, ते कापून टाकले. एक केस राहिला तरी लेपातून काट्यासारखा वर येतो.

मग इपॉक्सी. डब्यावर लिहिलं होतं, दोन्ही भाग सारखे. आमच्या पुतणीनं विचार केला, हार्डनर म्हणजे घट्ट करणारा, मग तो जरा जास्त घातला तर लवकर घट्ट होईल. मला न सांगता तिनं थोडा जास्तच घातला. दुसऱ्या दिवशी लेप चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. चौथ्या दिवशी त्यावर एक मुंगी अडकलेली!

असं का झालं? फुगडीचा विचार करा. दहा मुली या बाजूला, दहा त्या बाजूला. दहा जोड्या जमतात, सगळ्या फेर धरतात. आता एका बाजूला पंधरा मुली आल्या म्हणून फुगड्या वाढतील का? पाच जणी नुसत्या मधे लुडबुडत राहतील. रेझिन आणि हार्डनर यांच्या रेणूंच्या अशाच जोड्या जुळतात. जादा राहिलेले रेणू कुणाशीच जुळत नाहीत आणि लेप चिकट राहतो. म्हणून डब्यावर जे प्रमाण लिहिलं असेल, तेच. अंदाजपंचे नाही. दोन्ही भाग मोजायला सुई नसलेल्या दोन वेगळ्या सिरिंजा घ्यायच्या आणि त्यांची अदलाबदल करायची नाही.

तिनं तिचं तिनंच कबूल केलं. मामा आरामखुर्चीतून हसून म्हणाला, "घाई झाली वाटतं?" मी दुसरीकडे पाहिलं.

दुसरी खेप नीट झाली. चार-पाच मिनिटं सावकाश ढवळलं. भराभरा फेटलं तर बुडबुडे होतात. मग मिश्रण वाटीत न ठेवता लगेच ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरलं. याला कारण आहे. दोन भाग एकत्र आले की उष्णता निर्माण होते. वाटीत ढीग असला की ती कोंडते आणि मिश्रण बघता बघता घट्ट होतं. पसरलं की थंड राहतं, जास्त वेळ मिळतो आणि बुडबुडेही फुटून जातात. पंखा बंद केला, कारण धूळ! मी काठी फिरवत राहिलो आणि पुतणीनं मऊ ब्रशानं पातळ लेप दिला. दोन्ही कडांना दोऱ्याच्या पुढं केसभर बांबूवरही नेला, म्हणजे कड उघडी राहत नाही.

पाच-सात मिनिटांनी एक युक्ती केली. काठी क्षणभर स्थिर धरली. जादा लेप खाली जमून पोट सुटलं. ते पोट ब्रशाच्या टोकानं अलगद टिपून घेतलं आणि काठी पुन्हा फिरवायला घेतली. ज्या ओघळानं मला फसवलं होतं, त्यालाच आम्ही मोजमाप केलं. पोट सुटतंय, म्हणजे लेप जास्त आहे!

ही काठी दुसऱ्या दिवशी काचेसारखी झाली. मग मामाच्या काठीला हात लावला. चीर चिकटवून बुजवली, तीनही दिवस फडक्यानं बांधून ठेवली. मग वेढे. मग लेप. इतर देशांतले हौशी लोक यासाठी मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेणारी छोटी मोटर लावतात. आमच्याकडे मोटर नव्हती. दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठी आडवी ठेवली आणि पाळीपाळीनं हातानं फिरवली. पहिला अर्धा तास जवळजवळ न थांबता. मग दर दोन मिनिटांनी अर्धा फेरा, मग दर पाच मिनिटांनी. वेळ मामा सांगायचा. त्याच्याकडे बोलणारं घड्याळ आहे. तीन तास आम्ही कुणी हललो नाही. पुतणीचा आवडता कार्यक्रम टीव्हीवर लागला, ती उठलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर अगदी हलका फिरवून तसाच आणखी एक पातळ हात दिला.

पालकांसाठी

काकवीचा प्रयोग मुलांना खुशाल करू द्या. इपॉक्सीचं काम मात्र मोठ्यांनी सोबत बसून करावं. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्वचेवर लागलं तर साबणानं लगेच धुवावं. जवळ खाऊ-पिऊ नये. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावं. उरुशीला दमट हवा लागते, तर काही इपॉक्सींवर त्याच दमट हवेत पांढुरकी, चिकट साय येते. आणि मुलांची पहिली खेप बिघडली, तर ती फेकू नका. कुठं काय चुकलं, ते त्यांनाच शोधू द्या.

मामाचा अंगठा

आठवडाभरानं काठी मामाच्या हातात दिली. त्यानं डोळे मिटले. तसंही त्याला फार दिसत नाही. अंगठा मधल्या सांध्यावर ठेवला आणि काठी सावकाश फिरवली, एक फेरा, दोन फेरे. मग वरच्या कडेला गेला. मग खालच्या कडेला, जिथं एके काळी तो शेंगदाणा होता. तिथं जरा जास्त वेळ थांबला. मी श्वास रोखून उभा. साठी उलटली तरी पोटात तसाच गोळा आला, जसा नववीत आला होता.

"कोणी फिरवली?" मामानं विचारलं.

"आम्ही दोघांनी," पुतणी म्हणाली.

"किती वेळ?"

"तीन तास. तुम्हीच तर सांगत होता की वेळ!"

मामा काही बोलला नाही. काठीचे तीन तुकडे त्यानं आपल्या हातानं जोडले, शेंडा हलवून पाहिला आणि म्हणाला, "कोळंबी आहे का घरात?"

त्या संध्याकाळी आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. तांबोशी काही लागली नाही. एक वीतभर शेंगटी तेवढी आली. मामानं ती गरीतून सोडवून पुतणीकडे दिली आणि तिनं ती परत पाण्यात सोडली. सांधा घरी येईपर्यंत कोरडा होता. मी तीनदा हात लावून पाहिला!

तर मंडळी, पेन्सिल आणि काकवीचा प्रयोग करा. एक पेन्सिल स्थिर, एक फिरती. मग मधाचा आणि काकवीचा फरक बघा. एकच मध थंड असताना आणि उन्हात कोमट झाल्यावर कसा वाहतो, तेही बघा. कुणाला किती सेकंदांत एक फेरा घेतल्यावर पोट सुटलं नाही, ते वहीत मांडून ठेवा आणि पत्रानं कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटू. ताटली विसरू नका!